सव्वादोनचे ठोके

सोमवार, २

सेक्रेटरी म्हणाले, "तोंडी तक्रार चालत नाही, बाई. पंधरा दिवसांची लेखी नोंद आणा. तारीख, वेळ, आवाजाचा प्रकार. मग बघू."

मला सांगतायत! बारा वर्षं पाणीपुरवठ्याच्या तक्रार कक्षात कानाला हेडफोन लावून बसलेय मी. नळाला पाणी नाही, पाणी गढूळ येतंय, पाइप फुटलाय. दिवसाला दीडशे माणसं माझ्या कानात ओरडतात आणि मी ते सगळं सभ्य भाषेत टाइप करते. तक्रार कशी लिहायची हे मला शिकवणारा अजून जन्माला यायचाय. ऑफिसात मिळालेली ही डायरी कोरीच पडली होती, ती आज कपाटातून काढली.

तक्रारदार: मी, घर नंबर तेवीस. तक्रार कोणाविरुद्ध: घर नंबर चोवीस, आमच्या भिंतीपलीकडचा. पुस्तकं बांधतो. बाइंडर. दारावर नावाची पाटी आहे, पण मी त्याला ठोक्याच म्हणते. आवाजाचा प्रकार: ठोके. वेळ: रोज दुपारी सव्वादोन ते पावणेतीन.

कोणी म्हणेल, दुपारचा अर्धा तास, त्यात काय एवढं! त्याने पहाटे चारला उठून बघावं. सासूबाईंना पुसायचं, कपडे बदलायचे, भरवायचं, साडेपाचला मावशी आल्या की त्यांच्या हवाली करून पळायचं. सहा ते एक फोन. दीडला घरी, मावशींना सोडायचं, सासूबाईंचं जेवण, औषधं. मग दोन ते चार, एवढीच झोप माझ्या वाट्याची. रात्री दोनदा उठून त्यांची कूस बदलावी लागते, म्हणजे ती झोप हिशोबात धरायचीच नाही. दुपारी जरा डोळा लागतोय न लागतोय तोच हा सुरू.

भिंत चार इंची. तिकडे कोणी शिंकलं तर इकडे रुमाल शोधावा लागतो.

मंगळवार, ३

२.१५ ते २.४०. कानात कापूस होता. तरी.

बुधवार, ४

आज पडल्या पडल्या नीट ऐकलं. ठक ठक. थांबतो. परत ठक ठक. दोनच. तीन नाहीत, चार नाहीत. पुस्तक बांधायला दोन दोन ठोके लागतात का, कोण जाणे. हातोड्या मात्र दोन असाव्यात. एकीचा आवाज जड, दुसरीचा हलका, पत्र्यासारखा. एक जड जोडी, एक हलकी जोडी, असं आळीपाळीने चालतं. मोठा कारागीर लागून गेलाय.

वैतागून उठले आणि आतल्या खोलीत गेले, तर आवाज बंद. सासूबाई टक्क जाग्या. डाव्या हातात पाण्याचा पेला. त्यांनाही झोपू देत नाही मेला. पेला बघितला तर रिकामा. भरून दिला, तर तोंड फिरवलं. तहान नव्हती तर पेला कशाला धरून बसायचं? पण विचारणार कोणाला?

पाच महिने झाले त्यांना झटका येऊन. उजवा हात गेला, पाय निम्मा गेला आणि बोलणं तर पार गेलं. समजतं सगळं, शब्द तेवढा बाहेर येत नाही. "अं" येतं. कधी "अंअं". तीस वर्षं ह्या बाई सरकारी दवाखान्यात खिडकीत बसून पेशंटचे नंबर पुकारायच्या. माइक बिघडला तरी कोणाला कळायचं नाही, असा आवाज. मी लग्न होऊन आले तेव्हा पहिले सहा महिने दचकून दचकून चहा सांडायचे.

शुक्रवार, ६

२.१५ ते २.५०.

आज ऑफिसात नको ते झालं. एक म्हातारे गृहस्थ सांगत होते, तीन दिवस पाणी नाही, पत्नी आजारी. मी "हो काका, बोला" म्हटलं आणि पुढचं काही आठवत नाही. चाळीस सेकंद. ते "हॅलो, हॅलो" करत राहिले आणि मी हेडफोन लावून बसल्या जागी झोपले. सगळं रेकॉर्ड होतं. सुपरवायझरने मला ऐकवलं. माझ्या श्वासाचा आवाज येत होता त्यात. म्हणाली, "ताई, तुमची परिस्थिती कळते मला. पण पुन्हा झालं तर संध्याकाळच्या पाळीत टाकावं लागेल."

संध्याकाळच्या पाळीत गेले तर सासूबाईंजवळ रात्री दहापर्यंत कोण बसणार? मावशींना दुसरी दोन घरं आहेत. दीर दूर गावी, आणि हे तर चार वर्षांपूर्वीच सगळ्यातून सुटले. उरलो आम्ही दोघी. म्हणजे प्रश्न दुपारच्या झोपेचा नाही, घर चालण्याचा आहे. हे सेक्रेटरींना सांगितलं तर ते म्हणतील, लेखी द्या.

रविवार, ८

आज सुट्टी. दुपारी जागीच होते, कपड्यांच्या घड्या घालत आत सासूबाईंजवळ बसले होते. एकही ठोका नाही! सव्वादोन झाले, अडीच झाले, काही नाही. मी झोपले की ठोकणार, जागी असले की गप्प. ह्याला मुद्दाम नाही म्हणायचं तर काय म्हणायचं? सासूबाई सारख्या घड्याळाकडे बघत होत्या आणि मग माझ्याकडे. बाहेर जा असं डोळ्यांनी सांगत होत्या की काय, असंही वाटून गेलं. सुनेचा कंटाळा यायला वाचा लागते थोडीच.

आता लिहायलाच बसलेय तर एक लिहून टाकते. स्पीचवाल्या मॅडम सहा वेळा आल्या होत्या. दुपारी, सव्वादोनलाच. त्यांनी शिकवलं होतं: डाव्या हाताने ताल द्यायचा आणि तालावर शब्द म्हणायचा. पा-णी. एका अक्षराला एक ठोका. गाण्यातून, तालातून शब्दाला दुसरी वाट सापडते म्हणे. रोज वीस मिनिटं, कंटाळा न करता. "पहिले सहा महिने फार मोलाचे आहेत," असं त्या जाताना दारात उभ्या राहून दोनदा म्हणाल्या.

मी बारा दिवस केलं. पा-णी, पा-णी, पा-णी. बाराव्या दिवशी त्या नुसत्याच टेबलावर हात आपटत राहिल्या, तोंडातून हवासुद्धा नाही. मी ओरडले, "आपटताय काय नुसत्या! बोला ना! एक शब्द बोला!" त्यांनी हात मांडीवर ठेवून दिला. तेराव्या दिवशी मी झोपले. चौदाव्या दिवशीही. त्यांनीही कधी खुणेने आठवण केली नाही.

मंगळवार, १०

२.१५ ते २.४५.

सासूबाईंचं आज नवीनच. खाट फिरवा. खुणा करून करून, बोट दाखवून, शेवटी रडवेल्या होऊन. डावी बाजू भिंतीकडे हवी. मी म्हटलं, "अहो आई, भिंतीत काय बघायचंय तुम्हाला? खिडकी दिसणार नाही मग." पण ऐकतील तर शपथ. मावशी आणि मी, दोघींनी मिळून ओढली. पाठीत उसण भरली. मग मात्र लहान मुलासारख्या खूश.

खाट सरकवताना दिसलं, भिंतीचा गिलावा एका जागी खपलीसारखा उडालाय. ठोक्याच्या हातोडीने आमच्या बाजूचा गिलावा पडतोय! हेही नोंदीत घातलं. मालमत्तेचं नुकसान. शिवाय सासूबाईंच्या पेल्याची कड चेपलीय. सारखा पाडत असतील. उद्यापासून त्यांना प्लास्टिकचा देईन.

बुधवार, ११

२.१५ ते २.४०. आज नुसते जड ठोके. हलकी हातोडी वापरली नाही. मधे मधे बराच वेळ थांबत होता. वाट बघितल्यासारखा.

प्लास्टिकचा पेला सासूबाईंनी दोनदा खाली टाकला. तिसऱ्यांदा मी उचलला नाही.

गुरुवार, १२

२.१५ ते २.५०. हलकी हातोडी परत आली. आज तिचा आवाज लाकडी.

संध्याकाळी जिन्यात ठोक्या भेटला. किरकोळ माणूस, पन्नाशी उलटलेली, बोटांवर सुकलेला डिंक. मी मान वळवून वर निघाले, तर म्हणतो कसा, "वहिनी, आजींना सांगा, उद्या मला यायला उशीर होईल. तीन वाजतील."

ह्याला उशीर होणार ते आमच्या सासूबाईंना कशाला? एक तर छळायचं, वर वेळापत्रक कळवायचं! मी तरातरा वर आले. तोंड उघडलं असतं तर पंधरा दिवसांची नोंद जिन्यातच पूर्ण झाली असती.

शुक्रवार, १३

३.०५ ते ३.३०. सांगितल्याप्रमाणे! निर्लज्जपणाची हद्द झाली.

सासूबाईंना निरोप दिला नव्हता, कशाला देऊ? सव्वादोनपासून त्यांची घालमेल चालली होती. मधेच काहीतरी आपटल्यासारखं झालं, आणि हाताशी ठेवलेली घंटी दोनदा वाजवली. जाऊन बघावं तर काहीच नको.

सोमवार, १६

पंधरा दिवस पूर्ण झाले. सगळं नीट उतरवून काढलं: तारीख, सुरुवात, शेवट, आवाजाचा प्रकार, परिणाम. परिणामाच्या रकान्यात "आजारी वृद्धेच्या विश्रांतीत व्यत्यय" असंही लिहिलं. अर्जाला वजन येतं त्याने. सेक्रेटरींनी चष्मा लावून वाचलं आणि म्हणाले, "एवढी व्यवस्थित तक्रार ह्या बिल्डिंगमध्ये आजवर कोणी केली नाही." ऐकून बरं वाटलं, खोटं कशाला बोलू. घरात आणि ऑफिसात मिळून ह्या वर्षातलं पहिलं कौतुक.

त्यांनी विचारलं, "एकदा त्यांच्याशी बोलून बघितलंत का?"

मी म्हटलं, "तक्रारदाराने परस्पर बोलायचं नसतं. वाद वाढतात." आमच्याकडे हाच नियम आहे. आपण फक्त नोंदवायचं. ऐकून घ्यायला दुसरे असतात.

बुधवार, १८

शांतता.

दोन ते चार वीस. कूससुद्धा बदलली नाही. उठले तेव्हा सकाळ आहे की संध्याकाळ, कळेना. सेक्रेटरींनी सांगितलं, त्याने वाद घातला नाही. कागद दोनदा वाचला, आजारी वृद्धेची ओळ बोटाने परत वाचली आणि म्हणाला, "ठीक आहे. घरी ठोकणार नाही. काम दुकानात नेतो." विषय संपला. मीच उगाच महिनाभर सहन केलं.

गुरुवार, १९

आता सासूबाईंनी सुरू केलं! सव्वादोनला भिंतीवर काठी. ठक ठक. चालताना धरायची लाकडी काठी खाटेला टेकवलेली असते, ती डाव्या हाताने उचलून. मी जाऊन म्हटलं, "आई, तो गेला. शांतता झाली. आता तुम्ही नका." त्यांनी माझ्याकडे बघत परत ठोकलं. ठक ठक. आणि कान लावून बसल्या.

शुक्रवार, २०

आजही तेच. वीस मिनिटं. ठोकायचं, थांबायचं. ठोकायचं, थांबायचं. मला वाटलं, डोक्यावर परिणाम झाला की काय. शेवटी काठी काढून दाराशी ठेवली. "घंटी आहे ना हाताशी," म्हटलं.

त्यांनी रागाने बघितलंसुद्धा नाही.

रविवार, २२

दोन दिवस जेवण नीट नाही. चार घास, मग ओठ घट्ट. सारखं तोंड भिंतीकडे. मावशी म्हणतात, सकाळीही तसंच. दिराचा फोन आला. रविवारचा एकच प्रश्न असतो त्यांचा, "आई काय म्हणतेय?" मी नेहमीप्रमाणे फोन त्यांच्या कानाला लावला. एरवी "अंअं" तरी करतात. आज डोळे मिटून घेतले. दीर पलीकडून "आई, ए आई" करत राहिले. मला ऑफिसातले ते म्हातारे गृहस्थ आठवले.

मी आता दुपारी छान झोपते. उठते तेव्हा दमलेलीच असते.

मंगळवार, २४

आज स्पीचवाल्या मॅडम आल्या. ठरलेली तपासणी. मला धडकी भरली होती. आता विचारतील, सराव केला का, आणि माझं बिंग फुटेल.

त्यांनी सासूबाईंना बसवलं, डावा हात टेबलावर ठेवला आणि स्वतः दोन ठोके दिले. सासूबाईंनी लगेच दोन दिले. ताल अगदी बरोबर, आणि ठोक्याबरोबर तोंडातून आवाज! फुटका, खरखरीत, पण आवाज. मॅडमचा चेहरा उजळला. "वा! तीन महिन्यांपूर्वी ह्यांच्याकडून हवासुद्धा येत नव्हती. घरी फारच छान सराव घेतलाय तुम्ही."

आणि मी "हो" म्हणाले. हो म्हणाले मी! सासूबाई माझ्याकडे बघत होत्या. तरी म्हणाले.

"कुठला शब्द घेताय?" मॅडमनी विचारलं.

"पाणी."

मॅडम सासूबाईंच्या तोंडाकडे बघत राहिल्या. "नाही. पाणी म्हणायचं तर ओठ आधी मिटतात. ह्या ओठ शेवटी मिटतायत. काहीतरी वेगळंच म्हणायचंय ह्यांना, दोनच ठोक्यांचं. शब्द ह्यांनीच निवडलेला दिसतो. जवळ आलाय, अगदी ओठांवर. आता एक दिवसही खंड पडू देऊ नका. ह्या वेळी सुटलं तर परत धरणं अवघड जातं."

मॅडम गेल्या. मी त्यांच्याच खुर्चीत बसून राहिले. सराव मी घेतला नाही. मावशींना त्यातलं काही माहीत नाही, त्या सकाळभर टीव्ही लावतात. मग कोणी घेतला?

दोन ठोके. थांबायचं. दोन ठोके.

चेपलेला पेला. उडालेला गिलावा. फिरवलेली खाट. सगळं माझ्याच अक्षरात लिहिलेलं आहे, ह्याच वहीत, तारीखवार.

बुधवार, २५

ऑफिसातून येताना सरळ त्यांच्या दुकानात गेले. माणूस खाली मान घालून एका जाड वहीला दोरा भरत होता. मला बघून ते उठून उभे राहिले. "वहिनी, आता घरी काही ठोकत नाही हं मी," हेच पहिलं वाक्य. मला इतकी लाज वाटली की बसायला दिलेल्या स्टुलावर मी बसलेच नाही.

मी विचारलं, "तुम्ही आमच्या सासूबाईंचा सराव घेत होतात?"

"म्हणजे? तुम्हाला माहीत नव्हतं?"

"नाही."

त्यांनी दोऱ्याला मेण लावून घेतलं. मग सांगितलं. मॅडम यायच्या तेव्हा त्यांना घरी बसून सगळं ऐकू यायचं. भिंतच तशी आहे. ते तेव्हा घरी जेवायला आलेले असायचे. नंतर मॅडम बंद झाल्या, मग मी बारा दिवस, मग माझं ओरडणं. तेही ऐकलं होतं त्यांनी. ते म्हणाले नाहीत, पण मान खाली घातली त्यावरून कळलं.

"मग एक दिवस मी घरी पुस्तकाची पाठ ठोकत होतो," ते म्हणाले, "आणि पलीकडून कोणीतरी ठोकलं. मी थांबलो. परत ठोकलं, दोनदा. मला वाटलं, आवाजाचा त्रास होतोय म्हणून ठोकतायत. मी गप्प बसलो. तर परत दोन. तेव्हा लक्षात आलं. मीही दोन दिले. मग रोजचंच झालं, मधे एक रविवार मी बाहेरगावी होतो तेवढा सोडला तर. आजी वेळेला पक्क्या. पाच मिनिटं उशीर झाला तर त्याच सुरू करायच्या."

"आणि आवाज? बोलायच्या त्या?"

"हल्ली हल्ली बोलायच्या. पण शब्द काही कळायचा नाही. भिंतीतून ठोका येतो, शब्दाचा नुसता हुंकार येतो. तुम्ही घरातच असता ना, तुम्हाला माहीत असणार. काय म्हणतात त्या? मला बरेच दिवस विचारायचं होतं."

मी शेजारच्या खोलीत कानात कापूस घालून झोपलेली असायचे.

"मग तक्रार आली तेव्हा बोलला का नाहीत काही?"

"तुम्ही लिहिलं होतं, वृद्धेच्या विश्रांतीत व्यत्यय. मला वाटलं, तुम्हाला माहीत आहे आणि परक्या माणसाने असं करणं आवडत नाही. बरोबरच आहे. घरच्यांना न विचारता मी करत होतो." एवढं बोलून ते परत दोरा भरायला लागले.

उद्या सव्वादोनला परत भिंतीपलीकडे याल का, असं विचारताना माझा आवाज रडवेला झाला. ते म्हणाले, "येतो. पण तक्रारीचं काय?"

संध्याकाळी सेक्रेटरींकडे गेले. म्हटलं, तक्रार मागे घ्यायची आहे. ते म्हणाले, "लेखी द्या." आता ह्यावर कोण काय बोलणार! दिली.

गुरुवार, २६

मी दीडला घरी आले. मावशींना लवकर सोडलं. सासूबाईंनी सहा घास खाल्ले, सातव्याला ओठ मिटले. मी काठी आणून त्यांच्या डाव्या हाताशी ठेवली. जुना चेपलेला पेलाही ठेवला. त्यांनी दोन्हींकडे बघितलं, मग माझ्याकडे. विश्वास नव्हता डोळ्यांत.

मी खाली फरशीवर बसले. कानात कापूस नाही. दोन वाजले. दोन दहा. मी म्हटलं, "आई, चुकलं माझं." त्या भिंतीकडेच बघत होत्या.

सव्वादोनला पलीकडून आलं. ठक ठक.

सासूबाई सगळं अंग सावरून बसल्या. पेला उचलला. ठक ठक. आणि ठोक्याबरोबर आवाज, खोल घशातून ओढून काढलेला. पहिल्या ठोक्याला ओठ पुढे आले. दुसऱ्याला जीभ दातांमागे अडकली, धडपडली आणि शेवटी ओठ मिटले. मला काही कळलं नाही. आठ दिवसांचा खंड माझ्यामुळे पडला होता, तो दिसत होता. पलीकडून परत दोन. त्यांनी परत दोन. कपाळावर घाम. मी त्यांच्या तोंडाकडे बघत मनातल्या मनात शब्द लावत होते. पाणी नाही. दूध नाही. माझ्या नवऱ्याचं नाव? तेही नाही.

कितव्यांदा कोण जाणे, त्यांनी ठोकणं थांबवलं. पेला खाली ठेवला. माझ्याकडे वळल्या आणि डाव्या हाताने माझ्याच खांद्यावर दोन ठोके दिले.

"तू. झोप."

स्पष्ट. ठेच लागलेलं, पण स्पष्ट.

रोज दुपारी आतल्या खोलीत ती बाई हेच घोकत होती. मी वैतागून कूस बदलायचे, दात ओठ खायचे, वेळ लिहून ठेवायचे आणि ती पेला आपटून आपटून एवढंच शिकत होती. स्वतःसाठी पाणी मागायला नाही. मला सांगायला. मी त्यांच्या मांडीवर डोकं ठेवून हमसून हमसून रडले. त्यांच्या पातळावर सगळं नाक पुसलं.

पलीकडून ते ओरडले, "वहिनी! कळला का शब्द?"

"कळला!" मी ओरडले.

"काय म्हणतात आजी?"

माझ्याने सांगवेना. सासूबाईंना रडणं फार वेळ चाललेलं कधीच आवडायचं नाही. त्यांनी माझं डोकं मांडीवरून बाजूला सारलं, दाराबाहेर माझ्या चटईकडे बोट दाखवलं आणि पुन्हा म्हणाल्या, ह्या वेळी चांगल्याच रागाने, दवाखान्याच्या खिडकीतला तो आवाज थोडा थोडा ओळखू येईल असं.

"तू झोप!"

मी डोळे पुसले आणि गुपचूप जाऊन आडवी झाले. भिंतीवर इकडून तिकडून ठोके चालूच होते. दुसरं काहीतरी सुरू केलं होतं वाटतं त्यांनी, तीन ठोक्यांचं. ऐकायचं म्हणून कान लावून पडले होते. कधी झोप लागली, कळलं नाही.